साउंड ऑफ सिल्व्हर: पाणी प्यायला जायची गाणी

आडवाटेचा | शनिवार, रात्री १२:५०

परवा घरी एकटाच होतो. भांडी घासायला घेतली आणि कितीतरी वर्षांनी एलसीडी साउंडसिस्टमचा 'साउंड ऑफ सिल्व्हर' लावला. पाचवं गाणं सुरू झालं तसा नळ बंद केला आणि ओल्या हातांनी ओट्याला टेकून साडेसात मिनिटं नुसता उभा राहिलो. कढई अजून तशीच आहे. त्यावरून हा धागा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एलसीडी साउंडसिस्टम म्हणजे न्यूयॉर्कचा जेम्स मर्फी आणि मंडळी. स्टुडिओत बरीचशी वाद्यं हा गडी स्वतःच वाजवतो. स्टेजवर मात्र पूर्ण बँड उभा असतो, ड्रम्सवर पॅट महोनी, कीबोर्डवर नॅन्सी व्हँग वगैरे. पहिलं सिंगल २००२ चं, पहिला अल्बम २००५ चा आणि हा दुसरा, मार्च २००७. नऊ गाणी, छप्पन मिनिटं. 'गार्डियन'ने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला होता. ग्रॅमीचं नामांकन होतं, ग्रॅमी केमिकल ब्रदर्सना गेलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. पहिली नोकरी, बाणेरला चार जणांत एक फ्लॅट, आणि एका मित्राच्या हार्ड डिस्कवर जगातलं सगळं संगीत. आम्ही या अल्बमवर नाचायचो. म्हणजे पहिल्या 'गेट इनॉक्युअस'वर, तिसऱ्या 'नॉर्थ अमेरिकन स्कम'वर आणि सहाव्या 'अस व्हर्सेस देम'वर. चौथं आणि पाचवं लागलं की लोक पाणी प्यायला, सिगरेट ओढायला, फोन करायला बाहेर जायचे. आमच्यात त्या दोन गाण्यांचं नावच पडलं होतं, 'पाणी ब्रेक'.

ही दोन गाणी म्हणजे 'समवन ग्रेट' आणि 'ऑल माय फ्रेंड्स'. परवा कळलं की अख्खा अल्बम या दोघांना मध्ये ठेवून बांधलाय आणि आम्ही नेमके तेव्हाच गॅलरीत होतो.

'समवन ग्रेट'मध्ये कुणीतरी गेलंय. कोण, ते सांगत नाही. फोन येतो, आणि बाहेर हवा छान असते. गाण्यात रडारड नाही, मागे एक यंत्र शांतपणे गुणगुणतंय. ड्रमचा ठोका थांबत नाही. आवाजाच्या बरोबरीने ग्लॉकनस्पील वाजतं, लहान मुलांच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्यांसारखं, आणि तेच जास्त लागतं. ते संपतं आणि लगेच 'ऑल माय फ्रेंड्स'चा पियानो. त्यात कुणी मेलेलं नाही, फक्त वर्षं गेलीत. पण हे त्याच्या पाठोपाठ आल्यामुळे ऐकताना वाटतं की दोन्हीत गेलेली वस्तू एकच आहे.

मर्फी तेव्हा सदतीस वर्षांचा होता. मी त्याला म्हातारा समजायचो. आता मी त्याच्यापेक्षा मोठा आहे.

तर माझं म्हणणं एवढंच: हा नाचायचा अल्बम आहे हे खरं, पण नाचून दमलेल्या आणि तरी घरी जायचं मनात नसलेल्या माणसाचा. कुणी ऐकलाय का? की मीच एकटा?


कांदाभजी | शनिवार, रात्री १:१५

नाव पहिल्यांदा ऐकलं. रात्रीचे सव्वा वाजलेत, मुलं झोपलीत, हेडफोन सापडत नाहीत. उद्या ऐकून सांगतो. आधी कढई घासा.


शंकासुर | रविवार, सकाळी ९:३०

धागा छान लिहिलाय, पण जरा थंड पाण्याचा शिडकावा करतो.

मर्फी हुशार आहे, नवीन नाही. 'गेट इनॉक्युअस' ऐका आणि लगेच क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं 'द रोबोट्स' ऐका. आवाज काढलाय तो डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाचा. 'वॉच द टेप्स'मध्ये 'द फॉल' हा ब्रिटिश बँड अंगात आलाय. ताल आणि गिटारची गुंफण टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्याच बँडने १९८० मध्ये करून ठेवली होती. रेकॉर्डच्या दुकानात बसून बसून शहाणा झालेला माणूस हा. त्याच्याकडे संग्रह आहे, तो संग्रहच गातो.

दुसरं असं की अमेरिकन रॉकवाल्यांना २००० नंतर अचानक 'नाचता येतं' हा शोध लागला. न्यूयॉर्कमधले काळे आणि समलिंगी लोक त्याच शहरात पॅरेडाइझ गराज या क्लबमध्ये १९७७ ते ८७ रात्र-रात्र नाचत होते, लॅरी लेव्हन रेकॉर्ड लावत होता. आणि १९७९ च्या जुलैमध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात रॉकवाल्यांनी डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला होता. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांचेच धाकटे भाऊ काउबेल वाजवत आले आणि लोक म्हणाले काय क्रांती!


आडवाटेचा | रविवार, सकाळी १०:१०

शंकासुर, दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. फक्त एवढंच जोडतो की मर्फीला हे माहीत होतं आणि त्याची लाजही होती. तो मुळात पंकवाला. रॉक बँडमध्ये होता, साउंड इंजिनियर होता. १९९९-२००० च्या सुमाराला डेव्हिड होम्सच्या अल्बमवर काम करताना त्याला टिम गोल्ड्सवर्दी भेटला, आणि तिथून हा नाचाकडे वळला. दोघांनी जोनाथन गॅल्किनबरोबर २००१ मध्ये डीएफए नावाची रेकॉर्ड कंपनी काढली.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र भांडेन. चोर माल लपवतो. हा तर दारावर पाटी लावून बसलाय. त्याचं पहिलंच सिंगल 'लूझिंग माय एज' म्हणजे कलाकारांच्या नावांची लांबलचक यादी आहे. हा डीजे म्हणून अनवट रेकॉर्डी लावायचा, मग विशीतली पोरं त्याच रेकॉर्डी लावू लागली आणि याला घाम फुटला, त्या घामावर ते गाणं. गंमत म्हणजे 'साउंड ऑफ सिल्व्हर'चं पहिलं गाणं त्याच जुन्या गाण्याच्या ठोक्यापासून सुरू होतं. म्हणजे स्वतःचीही नक्कल करून दाखवली.


प्लॅटफॉर्म ४ | रविवार, संध्याकाळी ६:०५ (इकडे सकाळ)

अरे हा तर आमच्या गावचा माणूस!

मर्फी न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन जंक्शनचा. इथे बरेच जण असतील ज्यांचे नातेवाईक वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोला आहेत, किंवा जे स्वतःच इथे आहेत. त्यांच्यासाठी प्रिन्स्टन जंक्शन म्हणजे एक भलंमोठं पार्किंग, न्यूयॉर्कच्या गाड्या, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाकडे जाणारी ती छोटुकली 'डिंकी'. गावात करायला काही नाही. आज देशी किराणा आहे, गणपती बसतो, शनिवारी मराठी शाळा असते. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे काय असेल याची कल्पना करा. शेतं आणि स्टेशन.

मी अकरा वर्षं इथून न्यूयॉर्क पेन स्टेशनला जातो, एका बाजूला तासाभराच्या वर. म्हणून शेवटचं गाणं 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू बट यू आर ब्रिंगिंग मी डाउन' मला फार जवळचं. लोकांना ते शहरात राहणाऱ्याचं गाणं वाटतं. मला ते शहरात बाहेरून आलेल्याचं वाटतं. जो तिथेच जन्मला तो शहरावर असा रुसत नाही. रुसतो तो, ज्याने लहानपणी फलाटावर उभं राहून त्या शहराची वाट पाहिली.

रच्याकने, मर्फीचा एक किस्सा. विशीत असताना त्याला 'साइनफेल्ड' मालिकेत लेखकाची नोकरी चालून आली होती. मालिका तेव्हा एवढी गाजलेली नव्हती. याने नाही म्हटलं.


कांदाभजी | रविवार, संध्याकाळी ६:४०

साइनफेल्डला नाही? आमच्या घरी असं केलं असतं तर आजीने पंगतीत वाढलं नसतं.

ऐकला. पहिलं गाणं सात मिनिटं का आहे? मला वाटलं हँग झालंय.


तिरकिट | रविवार, रात्री १०:२०

मी रॉक ऐकत नाही. मी तबला वाजवतो, थोडाफार शिकवतो. धाग्याचं नाव मजेशीर वाटलं म्हणून 'ऑल माय फ्रेंड्स' ऐकलं, मग पुन्हा ऐकलं, मग हार्मोनियम काढली. जे दिसलं ते सांगतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

हा पियानो म्हणजे लेहरा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वतंत्र तबलावादनात शेजारी हार्मोनियम किंवा सारंगी एकच छोटी सुरावट धरून बसते. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसवलेली. तबलेवाला पेशकार मांडेल, कायदे पलटेल, रेले सोडेल, तुकडे फेकेल, पण लेहरेवाल्याने जागेवरून हलायचं नाही. तो हलला तर सम गेली. त्याला टाळी मिळत नाही, त्याचं नावही कित्येकदा पत्रिकेत नसतं. पण तो आहे म्हणून बाकीच्याला भटकता येतं.

या गाण्यात तेच. पियानो एकटा सुरू होतो आणि सात मिनिटं जागा सोडत नाही. मग ड्रम येतो, बेस येतो. बेस दोन मुक्कामांत ये-जा करतो आणि पियानो तोच असूनही प्रत्येक वेळी वेगळा लागतो. खालची जमीन सरकली की वरचा तोच सूर वेगळा दिसतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पुढे आवाज आणि गिटारी. पालुपद असं नाहीच. परत यायला घर नाही, नुसतं पुढे जाणं आहे.

आणि एक गोष्ट ज्याने मी दोनदा ऐकलं: हा हात माणसाचा आहे. सुरुवातीला तर अडखळतोच, दोन हातांचे ठोके एकमेकांच्या पायात येतात. यंत्रात एकदा वाजवून तेच चिकटवलं असतं तर प्रत्येक आवर्तन हुबेहूब आलं असतं. इथे मला तसं ऐकू येत नाही. सगळ्या गाण्यात हा हात तालात आहे, पण घोटून गुळगुळीत झालेला नाही.


आडवाटेचा | रविवार, रात्री १०:५५

तिरकिट, दंडवत. मी वीस वर्षं जे चाचपडत होतो ते तुम्ही एका हार्मोनियममध्ये पकडलंत.

तुमच्या 'माणसाचा हात' या मुद्द्याशी रेकॉर्डिंगची गोष्ट जुळते. अल्बमचा बराच भाग मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ब्रुकफील्ड गावी, लाँग व्ह्यू फार्म नावाच्या जागी केलाय. शेतावरचा स्टुडिओ. रोलिंग स्टोन्सनी १९८१ च्या दौऱ्याआधी तालमी केल्या ती हीच जागा. मर्फीच्या सांगण्यावरून स्टुडिओ चंदेरी कापडाने आणि फॉइलने मढवला होता. अल्बमच्या नावातली चांदी ती. म्हणजे पोळी गुंडाळायची ती फॉइल, भिंतीवर. उरलेलं काम न्यूयॉर्कला डीएफएच्या स्टुडिओत.


जुनी कॅसेट | सोमवार, सकाळी ७:४५

तिरकिट यांनी लेहरा काढलाच आहे तर मी एक धागा पुढे ओढते. जरा लांबचं आहे, पण शेवटी इथेच येतं.

'ऑल माय फ्रेंड्स' सिंगल म्हणून निघालं तेव्हा त्याच्याबरोबर त्याच गाण्याच्या दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्या होत्या. एक स्कॉटलंडच्या फ्रांझ फर्डिनांड या बँडची. दुसरी जॉन केलची. केल तेव्हा पासष्टीचा. वेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचा संस्थापक, आणि १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर जो पियानो सुतारासारखा ठोकलाय तो त्याचाच. म्हणजे मर्फीने ज्या पद्धतीचा पियानो वाजवला, त्याच घराण्याच्या मूळपुरुषाने ते गाणं परत गायलं.

आता मागे जाऊ. वेल्व्हेटच्या आधी केल न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकाराच्या गटात व्हायोला वाजवायचा. त्या गटाचं काम काय, तर एकच सूर तासन्‌तास धरून ठेवायचा. आणि यंगला ही खोड कुठून लागली? अली अकबर खाँसाहेबांची १९५५ ची एलपी ऐकून, त्यातला तानपुरा ऐकून. हे यंगने स्वतः सांगितलंय. पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले, तेव्हा यंग आणि टेरी रायली दोघेही त्यांचे गंडाबंद शागीर्द झाले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. मिरज आणि सवाई जिथे ठाऊक आहे तिथे किराण्याबद्दल मी वेगळं काय सांगू.

तर एक सूर, एक आकृती धरून बसायची न्यूयॉर्कची जी सवय आहे, तिच्यात आपल्या तानपुऱ्याचा एक पाझर आहे.


शंकासुर | सोमवार, सकाळी ८:०२

झालं. विमानं, प्लास्टिक सर्जरी आणि आता एलसीडी साउंडसिस्टम.


जुनी कॅसेट | सोमवार, सकाळी ८:२०

शंकासुर, हसले. पण मी 'पाझर' म्हटलं, 'उगम' नाही म्हटलं. केलने यंगचा गट प्राणनाथ येण्याच्या चार-पाच वर्षं आधीच सोडला होता, तेही आठवणीत आहे. आणि मर्फी कुठे तानपुरा ऐकायला बसला होता असा माझा दावा नाही. तो केल ऐकत होता, जर्मनीचा कॅन हा बँड ऐकत होता. पाणी झिरपत येतं तेव्हा कुठल्या डोंगरावर पाऊस पडला ते त्याला माहीत नसतं.


ओवी पुढची | सोमवार, दुपारी २:१५

तुम्ही सगळे पुरुष 'ऑल माय फ्रेंड्स'वर इतके का विरघळता? शेवटी काय, तर आज रात्री माझे मित्र कुठे आहेत. मित्र कुठे असणार! घरी आहेत, मुलांचे डबे भरताहेत. माझ्या मैत्रिणी कुठे आहेत हे मला कायम ठाऊक असतं, कारण आम्ही फोन करतो. तुम्ही वीस वर्षं फोन करत नाही आणि मग ओट्याला टेकून उभे राहता.

माझं गाणं 'समवन ग्रेट'.

बाबा गेले तो मार्च होता. पहाटे फोन आला. त्याच दिवशी सकाळी साडेदहाला गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात, आणि मी सुटे पैसे शोधले, सही केली, रबर तपासून घे म्हणाले. गॅलरीत ऊन सुंदर पडलं होतं. त्या उन्हाचा मला फार राग आला होता. हे गाणं मी त्यानंतर काही वर्षांनी ऐकलं आणि मला वाटलं, या माणसाकडेही कुणीतरी सिलिंडर घेऊन आलं असणार.

अल्बम कोणाला अर्पण केलाय ते कुणी लिहिलं नाही. डॉ. जॉर्ज कामेन, १९४२ ते २००६. मर्फीचे थेरपिस्ट. आई नाही, प्रेयसी नाही, मित्र नाही. ज्याच्यापुढे तो दर आठवड्याला बसून बोलायचा तो माणूस. लोक गाणं त्यांच्याशी जोडतात. गाणं स्वतः नाव घेत नाही, आणि म्हणून ते मला माझं म्हणून घेता येतं.


आडवाटेचा | सोमवार, दुपारी ३:४०

ओवी, फोनचा टोला बरोबर बसला. एका जुन्या फ्लॅटमेटला आत्ताच मेसेज टाकलाय.

तुमच्या लिहिण्यावरून आठवलं. 'समवन ग्रेट'चं वाद्यसंगीत आधी वेगळ्याच ठिकाणी वाजून गेलंय. २००६ च्या ऑक्टोबरात नायकेने मर्फीकडून धावताना ऐकायला म्हणून पाऊण तासाची सलग रचना करून घेतली होती, '४५:३३'. त्यात हीच धून आहे, फक्त मरणाचे शब्द नाहीत. म्हणजे कुणीतरी ट्रेडमिलवर या दुःखावर घाम गाळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. नंतर मर्फीने कबूलही केलं की तो काही धावणारा-बिवणारा नाही. त्याला मान्युएल ग्योचिंगच्या 'ई२-ई४' या जर्मन रेकॉर्डसारखी लांबलचक एकसलग गोष्ट करायची होती, बूटवाल्यांनी निमित्त दिलं. कव्हरसुद्धा तसंच, बुद्धिबळाच्या पटावरून घेतलेलं.


शंकासुर | सोमवार, दुपारी ४:००

बघा, कव्हरसुद्धा ढापलेलं. हे मी नाही बोललो, धागाकर्ते बोलले.

पण ओवी यांच्या प्रतिसादानंतर मी 'समवन ग्रेट' परत ऐकलं. माझा आक्षेप आहे तिथेच आहे, फक्त या गाण्याला त्यातून वगळतो. हे कुणाच्या संग्रहातून आलेलं नाही.


प्लॅटफॉर्म ४ | सोमवार, रात्री ८:३०

न्यूयॉर्क आणि नाचावरून एक महत्त्वाची गोष्ट राहून गेलीय. तिच्याशिवाय हा अल्बम चिडचिडा का आहे ते कळत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून 'कॅबरे लॉ' होता. परवाना नसलेल्या बारमध्ये लोकांनी नाचायचं नाही. हार्लेममधल्या जॅझ क्लबांवर, म्हणजे काळे-गोरे एकत्र नाचत त्यावर लगाम म्हणून तो आला असं मानतात. मध्यंतरी धूळ खात पडला होता. नव्वदच्या दशकात महापौर ज्युलियानींनी तो झटकून काढला, पथकं धाडी घालू लागली, बारमध्ये 'नाचू नये' अशा पाट्या लागल्या. नाचणारे तीन जण दिसले की दंड. डीएफएचं सगळं काम या वातावरणातलं. गिटारवाल्या पोरांना नाचायला लावणं ही तिथे थोडी बंडखोरीच होती. कायदा रद्द झाला तो थेट २०१७ मध्ये.

शेवटच्या गाण्यात तो शहराला म्हणतो की तू आता सुरक्षित झालंस आणि माझा वेळ वाया घालवतंस. महापौरालाही चिमटा आहे, तेव्हा अब्जाधीश ब्लूमबर्ग होते. हे शेवटचं गाणं नाचायचं नाहीच. संथ पियानोवर एखाद्या हॉटेलातल्या गवयासारखं सुरू होतं आणि शेवटी ड्रम-गिटार अंगावर येतात. मला वाटतं आठ गाणी नाचवून झाल्यावर तो दिवे लावतो आणि म्हणतो, बघा, या खोलीत नाचायला बंदी होती.


कांदाभजी | सोमवार, रात्री ८:५०

२००५ चा आपला डान्सबार बंदीचा कायदा आठवला. कारणं वेगळी, नाचणारे वेगळे, पण नाच म्हटलं की सरकारला घाम फुटतो तो सगळीकडे सारखाच.

दुसऱ्यांदा ऐकला. पहिलं गाणं हँग झालेलं नाही. चौथ्या मिनिटाला मान आपोआप हलायला लागते. 'नॉर्थ अमेरिकन स्कम' मुलाला आवडलं, तो घरभर ओरडत फिरतोय, अर्थ विचारला नाही म्हणजे मिळवलं.


आडवाटेचा | सोमवार, रात्री ९:३०

कांदाभजी, अर्थ इतकाच की बुशच्या काळात युरोपात फिरताना अमेरिकन असल्याची लाज आणि थोडा माज, दोन्ही. मुलाला चालेल.

सातव्या 'वॉच द टेप्स'वर माझ्याकडे बोलायला काही नाही, चार मिनिटांत संपतं. आठवं, म्हणजे अल्बमच्याच नावाचं गाणं, ते मात्र थट्टेखोर आहे. सात मिनिटांत जवळपास एकच वाक्य. असा आवाज ऐकला की परत पंधरा-सोळा वर्षांचं व्हावंसं वाटतं, आणि मग त्या वयात खरोखर कसं वाटायचं ते आठवतं. अशा अर्थाचं. बस. आम्ही बाणेरला हे ऐकून हसायचो. त्या वयापासून आम्ही फक्त आठ वर्षं लांब होतो.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:१०

एक टोचणी ठेवून जातो. २ एप्रिल २०११ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, जवळपास चार तास. त्यावर माहितीपट निघाला, लोक रडले. आणि २०१६ मध्ये गडी परत स्टेजवर! २०१७ ला नवा अल्बम, अमेरिकेच्या यादीत पहिला नंबर. आपल्याकडे नाटकाचे 'शेवटचे पन्नास प्रयोग' असतात त्यातलाच प्रकार.


प्लॅटफॉर्म ४ | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

मी त्या कार्यक्रमाला होतो. म्हणजे आधी नव्हतो. तिकिटं विक्रीला आली तशी गायब झाली, काळाबाजारवाल्यांनी उचलली. मर्फीने जाहीर शिव्या घातल्या आणि आदल्या आठवड्यात टर्मिनल ५ मध्ये आणखी चार कार्यक्रम लावले, लोकांना रास्त दरात बघता यावं म्हणून. मला त्यातलंही मिळालं नाही. मग ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याला ऐनवेळी जमलं नाही आणि त्याचं गार्डनचं तिकीट माझ्याकडे आलं.

शेवटचं गाणं अर्थातच 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू'. वरून पांढरे फुगे सोडले. मर्फीपासून पहिल्या रांगेपर्यंत सगळे रडत होते. मी मात्र घड्याळ बघत होतो. कारण गार्डनच्या बरोबर खाली पेन स्टेशन आहे, आणि प्रिन्स्टन जंक्शनची पुढची गाडी चुकली असती तर पुढे तासभर फलाटावर बसावं लागलं असतं. तो परत आला याचा राग कसला करू? शेवटचा दीड मिनिट मी जिन्यात होतो. २०१७ ला ब्रुकलिनमध्ये जाऊन ते पूर्ण ऐकलं.


ओवी पुढची | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

जिन्यात! हे मर्फीला कुणीतरी कळवा, दुसरं गाणं लिहील.

एक राहिलंच. नॅन्सी व्हँगचं नाव वर एका ओळीत येऊन गेलं, पुढे चर्चा फक्त मर्फीची. 'गेट इनॉक्युअस' गोठून जात नाही ते त्यातल्या तिच्या आवाजामुळे. चित्रीकरण बघा, सगळे पुरुष घामाघूम होऊन उड्या मारताहेत आणि ती कीबोर्डपाशी उभी, बँकेत चेक पास करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याने. तिरकिट म्हणतात तो लेहरा, तो मला तिच्यात दिसतो.


तिरकिट | बुधवार, रात्री ११:३५

ओवी, लेहऱ्यावरून एक प्रयोग केला, त्याचा वृत्तांत.

माझा एक विद्यार्थी आहे, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला हार्मोनियमवर बसवलं आणि सांगितलं, या गाण्याच्या पियानोची आकृती धर, मी तबल्यावर बसतो, साडेसात मिनिटं, मध्ये थांबायचं नाही. त्याने गाणं ऐकलं नव्हतं, मुद्दामच. दोन मिनिटं अगदी काटेकोर, मोबाईलच्या लेहरा ॲपसारखा वाजवत होता. मला काही सुचेना, नुसता ठेका देत बसलो.

साडेतीन-चार मिनिटांनी त्याचा हात भरून आला. भाता डाव्या हाताने, आणि उजव्या हाताने सतत तेच ठोके, मनगट धरतंच. ठोके किंचित पुढे-मागे पडायला लागले. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी मानेने सांगितलं, चालू दे. आणि तिथून पुढे मला सुचायला लागलं. त्याचा हात जिथे रेंगाळायचा तिथे जागा दिसायची, मी तिथे शिरायचो, तो सावरायचा. शेवटच्या मिनिटात आम्ही दोघंही लयीला लोंबकळत होतो.

संपल्यावर तो म्हणाला, सर, सॉरी, मध्यानंतर बिघडलं. मग त्याला मूळ गाणं ऐकवलं. तो सुरुवातीला हसला, म्हणाला याचं तर पहिल्या सेकंदापासूनच बिघडलंय. नंतर हसायचा थांबला. पूर्ण ऐकलं आणि जाताना विचारलं, पुढच्या वेळी परत बसायचं का.


आडवाटेचा | बुधवार, रात्री ११:५०

रेकॉर्ड केलंत का??


तिरकिट | बुधवार, रात्री ११:५८

नाही. फोन त्याचा होता, आणि त्यावर गाणं शोधून ठेवलं होतं. शनिवारी परत बसतोय, तेव्हा करतो. त्याला बर्फ लावायला सांगितलंय मनगटाला.